हिरोच्या मागची गर्दी

अण्णा गेल्याची बातमी पेपरात द्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण आमच्या घरात मराठी बरं लिहिणारा मी एकटाच आहे असा एक जुना गैरसमज आहे. अण्णा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सोलापुरातल्या एका थिएटरात त्यांनी उभा जन्म ऑपरेटर म्हणून पिक्चर चालवले. मी मन लावून चार ओळी लिहिल्या. त्यात 'मनमिळाऊ' हा शब्द घातला, अण्णा अजिबात मनमिळाऊ नव्हते तरी. शेवटी 'त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगी, जावई, नात असा परिवार आहे' असं लिहून कागद देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं चष्मा लावून बातमी दोनदा वाचली, पेपरची नीट घडी घातली आणि शांतपणे म्हणाली, "माझ्या दिराला मारलास व्हय रे तू?"

मावशीचा हा दीर, म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ वसंता, एकोणिसाव्या वर्षी घरात कुणाला न सांगता मुंबईला निघून गेला. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. पत्र नाही, निरोप नाही, कुणी पाहिल्याचंही नाही. मी माझ्या या वसंतकाकांना जन्मात बघितलेलं नाही, त्यामुळं परिवार मोजताना ते राहूनच गेले. हे कारण मी मावशीला सांगितलं नाही, एवढी अक्कल तरी मला होती. सरळ पेपरच्या कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, "भाऊ राहतात कुठं?" म्हटलं, माहीत नाही. "हयात आहेत?" म्हटलं, तेही माहीत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग साहेब, मी छापू काय?" शेवटी तेच म्हणाले, तुम्ही पुरवणीत त्यांच्याबद्दल काहीतरी लिहा, त्यात काय लिहायचं ते लिहा.

तेव्हा आधी दुरुस्ती करतो. अण्णांच्या पश्चात पत्नी, मुलगी, जावई, नात आणि एक भाऊ असा परिवार आहे.

मी बार्शीहून कॉलेजसाठी सोलापूरला आलो आणि तीन वर्षं मावशीकडं राहिलो. अभ्यास करण्यासाठी आलो होतो असं वडलांचं म्हणणं होतं. संध्याकाळी नवी पेठेतली गर्दी तुडवत मी अण्णांचा डबा घेऊन थिएटरवर जायचो आणि केबिनमध्येच मुक्काम ठोकायचो. आत भट्टीसारखं गरम, मशीनची घरघर, आणि पडद्याकडं बघायला भिंतीत वहीएवढी एक खिडकी. त्या खिडकीला अण्णा डोळा लावून उभे. पडद्यावर मुंबई आली की ते रागावल्यासारखे पुढं वाकायचे. मी हिरोकडं बघत असायचो. अण्णा माझी मान धरून वळवायचे.

"त्याला काय बघतोस? त्यो कुटं जात न्हाय. त्याला तीन तास हितंच थांबायचंय. मागं बघ, मागं."

मागं म्हणजे हिरोच्या मागची गर्दी. बसथांब्यावरची, फुटपाथवरची, समुद्राच्या कठड्यावर बसलेली माणसं. त्या गर्दीत कुठंतरी वसंता दिसेल, एवढ्यासाठी अण्णा प्रत्येक पिक्चर दिवसाला चार खेळ, आठवडेच्या आठवडे बघायचे. मला त्यांनी खुणा पाठ करून दिल्या होत्या. अंगानं काटकुळा, नुकतं मिसरूड फुटलेलं, डावा कान सुपासारखा बाहेर. "तोंड बदलतंय मानसाचं. कान न्हाय बदलत. कान बघत जा." खाली आठशे माणसं टाळ्याशिट्ट्यांत एक पिक्चर बघायची आणि वर अण्णा एकटे वेगळाच पिक्चर बघायचे. त्या पिक्चरला गोष्ट नव्हती, गाणी नव्हती, नुसती जाणारी-येणारी माणसं होती. मी त्यातला दुसरा प्रेक्षक.

या शोधातून अण्णांचं मुंबईबद्दल एक शास्त्र तयार झालं होतं. जुन्या पिक्चरमध्ये कॅमेरा टॅक्सीत नाहीतर दुकानात लपवून ठेवलेला असतो, मागची माणसं खरी असतात, एखादा चालता चालता वळून थेट आपल्याकडं बघतो. असे पिक्चर कामाचे. नंतर पैसे देऊन गर्दी आणायला लागले. "ही बघ, भाड्याची मानसं. एकबी वळून बघत न्हाय. खरा मानूस वळतो." स्टुडिओत रंगवलेली मुंबई आली की ते खिडकी सोडून डबा उघडायचे. त्यांच्या जेवणाच्या वेळा अशा सिनेमाच्या नेपथ्यावर ठरायच्या.

वसंताला केबिनमध्ये फुकट बसवायचे ते अण्णाच. मुंबई त्याला त्या वहीएवढ्या खिडकीतूनच दिसली, तिथूनच ती त्याच्या डोक्यात शिरली, हे अण्णांच्या मनात कायमचं रुतून बसलं होतं. तो गेल्यावर आठव्या दिवशी ते रजा टाकून मुंबईला गेले होते. ही हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही रीळ बदलता बदलता, माझ्याकडं पाठ करून.

"पिक्चरमधी घरनं पळालेलं पोरगं कुटं जातंय? मोठ्या स्टेशनवर उतरतंय, चौपाटीवर बसतंय, समुद्राच्या कठड्याला झोपतंय, न्हाईतर स्टुडिओच्या फाटकाशी हुबं राहतंय. मी चार दिवस ह्या चार ठिकाणी बसलो. एक दिस एक ठिकाण." मग रीळ बसवून म्हणाले, "परत येताना गाडी निघाली, तर तासभर शहर संपंनाच... चाळी, कारखाने, झोपड्या, नाले. ह्यातलं एकबी कदी पडद्यावर बघितलेलं नव्हतं की मी. त्यो तितं असणार. मी पिक्चरच्या मुंबईत हुडकत बसलो."

परत का गेला नाहीत, असं मी विचारलं. तेव्हा मी विशीतला होतो आणि मला सगळे प्रश्न विचारता येत. अण्णा म्हणाले, "कुटं जाऊ?"

बारा वर्षं झाल्यावर भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी सुचवलं, की आता त्याचे विधी करून मोकळे व्हा. अण्णा म्हणाले, "शुक्रवारी मुंबईचं नवं पिक्चर लागतंय. ते बघू आधी." असे कितीतरी शुक्रवार त्यांनी पुढं ढकलले. मग थिएटरच बंद पडलं. अण्णा घरात टीव्हीसमोर बसायला लागले. मी नोकरी-संसारात पडलो, पण रविवारी पिक्चर लागला की आमचा फोन ठरलेला.

"बसथांब्यावर डावीकडला बघितलास का?"

"बघितला अण्णा. कान वेगळा आहे."

"व्हय. मलाबी तसंच वाटलं." आणि फोन बंद. तब्येत, पाऊसपाणी, मुलांची लग्नं, यातलं काहीही आम्ही पंचवीस वर्षांत फोनवर बोललो नाही. माझ्या मुलांना वाटायचं, बाबा कुणाशी तरी सांकेतिक भाषेत बोलतात.

शेवटचं भेटलो तेव्हा ते कॉटवर उशीला टेकून बसले होते. टीव्हीवर नवा पिक्चर चालू होता. सुरुवातीलाच आकाशातून दिसणारी मुंबई: उंच इमारती, पूल, पुलावर दिव्यांच्या मुंग्या. मी म्हटलं, काय देखणं दाखवलंय बघा. अण्णांनी रिमोट माझ्या हातात दिला.

"बंद कर. आता वरनं दाखवतेत सगळी. वरनं कुनाचं तोंड दिसतंय?"

मी बंद केला. काळ्या पडद्यात आम्ही दोघं दिसत होतो. अण्णा त्यांच्याच कानाकडं बघत होते, असं मला वाटलं. मला काहीही वाटतं म्हणा.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी घरी टीव्हीपुढं बसलो होतो. पिक्चर नवा होता, पण दिग्दर्शक जुन्या वळणाचा असावा. कॅमेरा खाली रस्त्यावर आणला होता. बाजारातली खरी गर्दी, वळून बघणारी. उजव्या कडेला एक काटकुळा पोरगा, कानावर केस आलेले. तो कान दिसतोय का बघत बघत मी पडद्यापाशी जाऊन उभा राहिलो. पोरगा निघून गेला. सवयीनं फोन उचलला, नाव काढलं, आणि मग ते नाव तसंच बघत राहिलो. 'नाही अण्णा, हाही नाही' हे वाक्य सांगायला आता जगात एकही माणूस नव्हता... मावशीला हे सांगायचं नसतं. तिला फक्त 'दिसला' एवढंच ऐकायचं आहे.

बायको मागं मेथी निवडत बसली होती. इतकी वर्षं ती या प्रकाराला 'तुमचं कानाचं खूळ' म्हणत आलीय. मला वाटलं, आता टीव्हीपुढून बाजूला व्हा म्हणेल. ती पडद्याकडं बघत होती. हातातली जुडी तशीच होती.

"अहो," ती म्हणाली, "वसंतकाका आता सत्तरीला आले असतील. तुम्ही तरण्या पोरांचे कान काय बघत बसलाय? म्हातारे बघा की."