जांभळ्या कापडाआड

वाचकहो, तुमचा भुतांवर विश्वास आहे का? शेजारी कोणी ऐकत नाही असं समजून सांगा. 'नाही' म्हणालात ना? माझाही नव्हता. म्हणूनच तर एका शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारी, मी संत योसेफाच्या गळ्याला मिठी मारून उभा होतो.

आमचं गाव अमडापूरच्या अलीकडे. ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, देऊळ कौलारू, आत संत योसेफ आणि पवित्र मरिया यांचे दोन पुतळे, आणि माझे वडील धर्मशिक्षक. फादर दूरच्या गावाहून सायकलवर यायचे. महाराष्ट्र राज्य नवं कोरं होतं आणि मॅट्रिक झालेला मी त्याहून कोरा! मिशनच्या पुस्तिका वाचून माझं डोकं असं तापलं होतं की त्यावर भाकरी भाजता आली असती. अंधश्रद्धेचा नायनाट! ताईत तोडा! मायनं दारावर टांगलेलं लिंबू मी अंगणात पायाखाली चिरडलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्याचं लोणचं तरी घातलं असतं, बाप्पा."

त्या वर्षी वडिलांनी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांना शिकवायचं काम माझ्यावर सोपवलं. (फार विश्वास होता त्यांचा माझ्यावर. तोपर्यंत.) त्यात माझी धाकटी बहीण आग्नेस होती. मागल्या वर्षी ऐनवेळी गोवर निघाला आणि तिचा प्रसाद हुकला. बाकीच्या मुली पांढऱ्या झग्यात वेदीकडे चालत गेल्या, आणि ही खिडकीतून बघत राहिली. झगा पेटीत गेला. यंदा मायनं त्याची दुमड सोडून तो लांब केला होता. शनिवारी देवळात फादरांपुढे पापनिवेदन, रविवारी ईस्टर आणि प्रसाद. सगळं ठरलेलं. फक्त आग्नेस देवळात पाऊल टाकायला तयार नव्हती.

कारण कापड. ईस्टरच्या आधीचे दोन आठवडे आमच्यात पुतळे जांभळ्या कापडानं झाकतात. प्रभूच्या दुःखाचे दिवस, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत सगळं झाकायचं. वर्षभराचा ओळखीचा चेहरा नाहीसा होतो आणि कोपऱ्यात माणसाच्या उंचीचं नुसतं काहीतरी उभं राहतं.

"दादा, थे श्वास घेते," आग्नेस म्हणाली.

"कोण?"

"थे. कापडातलं."

"अगं, आत संत योसेफ आहे. प्लास्टरचा!"

"मंग त्याले झाकून काऊन ठेवलं?"

मी धर्मशिक्षणाचा मार्ग धरला. "माणूस मेला की त्याचा आत्मा कुठं जातो?"

"सर्गात, नाईतं नरकात, नाईतं शुद्धिस्थानात."

"शाब्बास! मग भूत व्हायला मागे कोण उरलं?"

"सैतान. थो तं हाये ना? तुह्याच पुस्तकात हाये."

(होता. चित्रासकट होता.)

"सैतान आहे," मी म्हणालो, "पण तो देवळात येऊ शकत नाही. तिथं ख्रिस्तप्रसादाच्या पेटीत प्रभू असतो. लाल दिवा जळतो तो त्याचीच खूण."

मी जिंकलो होतो! पण शुक्रवार उजाडला. शुभ शुक्रवारी ती पेटी रिकामी असते. तिचं दार सताड उघडं ठेवतात, लाल दिवा विझवतात, वेदीवरचं वस्त्र काढून घेतात. गुरुवारपासून घंटाही मुकी. तिच्याऐवजी लाकडी खडखडा वाजवायचा. आग्नेसनं उंबऱ्याबाहेरूनच मान लांब करून दिव्याकडे पाहिलं.

"दादा, आज प्रभू आत नाई ना?"

"...नाही."

"मंग आज आत कोण हाये?"

या प्रश्नावर एकही पुस्तिका छापलेली नव्हती.

आता तत्त्वाचा प्रश्न होता! मी जाहीर केलं की तीनच्या क्रूसवाटेच्या प्रार्थनेपर्यंत मी एकटा आत बसेन, मुलांनी बाहेर निंबाखाली थांबावं आणि विवेकाचा विजय पाहावा. देवळाचं मागचं दार मी सकाळीच उघडून ठेवलं होतं. प्रकाश आला की भीती जाते, हे माझं मत. (छापील मत.)

आत गेलो. बाहेर चैत्राचं ऊन पांढरं झालेलं, कावळासुद्धा बोलत नव्हता. रिकाम्या पेटीचं उघडं दार माझ्याकडे बघत होतं. मी बाकावर बसलो आणि सहज म्हणून पुतळ्याकडे पाहिलं. कापड छातीपाशी हळूच फुगलं. मग बसलं. पुन्हा फुगलं. वारा असेल म्हणून मी बोट ओलं करून वर धरलं. वारा नव्हता.

खड्‌.

खडखडा वेदीमागे ठेवलेला होता. त्याला हात लावायला तिथं कोणी नव्हतं.

खड्‌... खड्‌.

तेवढ्यात पवित्र मरियेवरचं कापड हलकेच सरकू लागलं. कोणीतरी खालून, सावकाश, आपल्याकडे ओढून घेत होतं. ते खांद्यावरून उतरलं, जमिनीवरून सरपटत वेदीमागे गेलं आणि दिसेनासं झालं. मरियेचा उघडा चेहरा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, तिलाही माझी काळजी वाटतेय.

मग ते बाहेर आलं. जांभळं, वाकलेलं, डोक्यावर दोन शिंगं. पावलागणिक खड्‌!

'सैतानाला निर्भयपणे सामोरे जा,' असं पुस्तिकेत होतं. मी निर्भयपणे योसेफाच्या चौथऱ्यावर चढलो! "निघ इथून, सैताना!" मी ओरडलो. त्यानं कापडाआडून असं काही उत्तर दिलं की मला ते लॅटिन वाटलं.

बाहेरची सगळी पोरं बाभळीच्या बनापर्यंत पळाली. एक सोडून.

"दादाले सोड!"

आग्नेस उंबऱ्यात उभी होती, हातात चप्पल. तिनं क्रूसाची खूण केली, पाऊल आत टाकलं आणि सरळ चालत जाऊन सैतानाचं शिंग धरलं. कापड ओढलं. आतून दाढी निघाली.

"हा तं चाचाचा शेरू हाये!"

शेजारच्या रहीमचाचांचा बोकड! मी उघडलेल्या दारातून आत शिरलेला, मागल्या रविवारी आशीर्वाद देऊन वेदीमागे ठेवलेल्या झावळ्या खाल्लेला, आणि खडखड्याची दोरी गळ्यात अडकवून बसलेला. बोकडाला शोधत चाचाही पोचले.

"या अल्ला! मास्तर का लडका उप्पर काय को चढा?"

"सैतानाले भेऊन राह्यला," आग्नेसनं सांगितलं.

चाचांनी बोकडाकडे नीट पाहिलं. "शैतान तो है. लेकिन इतना बडा भी नही."

मागोमाग वडील आले. त्यांनी मला पाहिलं, योसेफाला पाहिलं. "उतर खाली," ते शांतपणे म्हणाले. "त्याले आधीच कमी ओझं हाये का?"

शनिवारी आग्नेसनं पापनिवेदन केलं. रविवारी लांब केलेल्या झग्यात ती वेदीकडे चालत गेली आणि यंदा खिडकीशी कोणीच उभं नव्हतं. माय पदरानं डोळे पुसत होती. मी मात्र हिशेब मांडत होतो: बोकड आला शुक्रवारी, आणि आग्नेस श्वासाचं बोलत होती त्याच्या आधीपासून.

संध्याकाळी मी हळूच विचारलं, "ते श्वास घेणं... बोकडच होता ना गं?"

"नाई. थे येगळं," ती सहज म्हणाली. "थे तं अजून घेते. पण मी आता भेत नाई. तू भेतं ना, मंग मले धीट व्हा लागते."

तेव्हा माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात पुस्तिका वाचून डोकं तापलेला एखादा तरुण मुलांना धर्म शिकवायला आला, तर त्याला नाही म्हणू नका. मुलं खुशाल त्याच्या हवाली करा. फक्त पहिल्या बाकावर एक लहान मुलगी आठवणीनं बसवा. त्याला एकट्याला भीती वाटते.