व्हर्लिन स्टिडम बंदूक बघतात

सप्टेंबरचं धुकं आमच्या खोऱ्यात शिरलं की दहा वाजेपर्यंत हलत नाही. त्या दिवशी तर समोरचा डोंगर, ओढ्यावरचा साकव, पलीकडचं माझं घर, सगळं कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकल्यासारखं झालं होतं. कोंबड्यांची कुरकुर तेवढी ऐकू यायची, तीही नक्की कुठून ते कळायचं नाही. मी झेल्माकाकूंच्या पडवीत घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत बसले होते. शेंगा सुईदोऱ्यात ओवून चुलीमागं वाळायला टांगायच्या होत्या. व्हर्लिनकाका पायरीवर बसून कुणाच्या तरी कुऱ्हाडीला नवा दांडा बसवत होते. दोन ठोके घालायचे, कान देऊन ऐकायचं, परत दोन ठोके.

काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत गेली, छातीचा भाता तिथंच फाटला. पण आमच्या बाजूला त्यांना लोक ओळखतात ते जुन्या बंदुकांमुळं. म्हातारं माणूस गेलं, भिंतीवरची ठासणीची बंदूक कुणाच्या तरी वाट्याला आली, की ती गोधडीत गुंडाळून काकांच्या पडवीत येते. वय काय, तब्येत कशी, मोल किती, हे काका सांगतात. पैसे घेत नाहीत. एखादी मधाची बरणी चालते. आणि त्यांनी सांगितलेलं कुणी मागं फिरवत नाही, कारण आजवर ते कुणाला बरं वाटावं म्हणून बोललेले नाहीत. स्वतःच्या मेव्हण्याच्या बंदुकीला "कुंपणाला टेकू म्हणून बरी हाय" असं त्यांनी भर जेवणात सांगितलं होतं. झेल्माकाकू अजून ते उगाळतात.

धुक्यातून आधी पावलं आली, मग डेल्फिया कॉडिल. हातात गोधडीचं लांबट बोचकं, तान्ह्या पोराला धरावं तसं.

"ये गं पोरी," काकांनी कुऱ्हाड बाजूला ठेवली. "बाची हाय?"

"व्हय काका. बाची."

डेल्फियाचा बाप मे महिन्यात गेला. शेवटची अकरा वर्षं तिनंच त्याचं सगळं केलं. उचलून बसवलं, भरवलं, पुसलं. थोरला भाऊ एस्टिल वर्षातून एकदा नाताळाला यायचा. मृत्युपत्र उघडलं तर घर आणि ओढ्याकाठची सपाट जमीन एस्टिलला, आणि डेल्फियाला ही बंदूक. एवढंच.

ती माझ्या शेजारी टेकली. मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि शिरा काढायला लागली. हात रिकामे ठेवून बोलता येत नाही आम्हाला.

"एस्टिल काय म्हणतो ठावं हाय?" ती म्हणाली. "म्हणतो, बंदूक तुझी, पण ती टांगायची खुंटी माझ्या भिंतीतली हाय, ती मागू नगंस."

"मेल्याची जीभ पहिल्यापास्नं वाकडी," काकू म्हणाल्या.

"मला पैशाचं न्हाई काका. पण ही काय मोलाची हाय ते सांगा. बा म्हणायचा खापरपणजोबानं घडवली, दोनशे वर्षांची हाय. तसं असंल तर मी समजंन, बानं मला घरातली सगळ्यात मोठी वस्तू दिली. आन तसं नसंल..." तिनं शेंग मोडली. "तर मग बा मला काय समजत व्हता, तेबी कळंल."

काकांनी गोधडी उलगडली आणि पडवीत एकदम उजेड पडल्यासारखं झालं. नळी लखलखत होती. पितळ पिवळंजर्द, लाकूड तेलानं निथळत होतं.

काकू तोंडावर हात नेता नेता थांबल्या.

"तीन दिवस घासली," डेल्फिया म्हणाली. "तारेच्या घासणीनं. मग जवसाचं तेल दिलं. काळी ठिक्कर पडली व्हती हो. तशी कशी आणायची दुसऱ्याच्या दारात?"

मान खाली घालून मी शेंगा निवडत राहिले. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आमच्या खोऱ्यात शेजारणीची बरणी परत करायची तरी घासून, पुसून, वर आत काहीतरी घालून देतात. मळकी वस्तू घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. पण जुन्या बंदुकीची अब्रू तिच्या काळेपणातच असते, हे काकांच्या पडवीत बसून बसून मला ठाऊक झालं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचे हात, धूर, हवा, सगळं त्या काळ्या थरात असतं. ते तीन दिवसांत ओढ्याला वाहून गेलं होतं.

काकांनी डोळे मिटले. बंदूक बघायची त्यांची ही रीत. बोटं नळीवरून सावकाश गेली, आठ कडा मोजत. घोड्यावर थांबली. दस्त्याची मान कधीकाळी मोडून तांब्याच्या पट्टीनं सांधलेली होती, तिथं अंगठा बराच वेळ रेंगाळला. धुकं पडवीपर्यंत आलं होतं. मला वाटलं, काका इथं नाहीतच. ते कुठल्यातरी झाडाखाली, ज्यानं ही घडवली त्याच्या शेजारी बसलेत आणि तो माणूस हळू आवाजात त्यांना काहीतरी सांगतोय.

मग त्यांनी डोळे उघडले, दोन खिळे ठोकून बाहेर काढले आणि नळी लाकडातून उचलली. खालची बाजू वर केली. तिथं घासणी पोचली नव्हती. पिकल्या अक्रोडासारखा गडद तपकिरी रंग, कानशीच्या रेघा आणि दोन अक्षरांचा ठसा.

"नळी कारखान्यातली," ते म्हणाले. "डोंगराच्या पल्याडनं गाडीतनं आलेली. लाकूड मातूर इथलंच, मेपलचं, आन कुणीतरी जीव लावून कोरलंय. तुझा खापरपणजोबा असंल. पण दोनशे न्हाई पोरी. दीडशे वर्षं, वर पाच-धा."

"आन मोल?"

"थांब. अजून पोटात बघाया पायजे."

ठासणीच्या बंदुकीच्या नळीत काका आधी लाकडी गज सोडतात. आत टेकला की तोंडाशी खूण करायची, मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावायचा. तळापर्यंत पोचला तर बंदूक रिकामी. काकांनी गज लावला. तो चार बोटं कमी पडला.

त्यांनी परत सोडला. परत चार बोटं.

"भरलेली हाय," ते शांतपणे म्हणाले.

झेल्माकाकू ताडकन उठल्या. "अगं ए शहाणे! तीन दिवस मांडीवर घेऊन घासलीस हिला? तोंड कुणीकडं व्हतं तिचं?"

"पोटाकडं," डेल्फिया म्हणाली, आणि का कोण जाणे, हसायला लागली. "बा कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. भरलेली हाय म्हणायचा. आमाला वाटायचं, पोरांना भ्या दाखवतोय."

काकांनी आत पाणी सोडलं, दारू भिजू दिली. मग गजाच्या टोकाला स्क्रूसारखा आकडा लावून तो शिशाच्या गोळीत फिरवला आणि गुडघ्यात नळी धरून ओढत राहिले. छाती घरघरत होती. शेवटी पुचकन गोळी आली, पांढुरकी झालेली, आणि तिला लपेटलेली चिंधी.

गोळीभोवती चिंधी बसवतात, म्हणजे ती घट्ट बसते. काका चिंधीवरून वय ओळखतात. त्यांनी ती ओंजळीत पाण्यानं धुतली आणि तळहातावर पसरली. कडा काळवंडलेल्या, पण मधे पिवळा रंग तग धरून होता. पिवळ्यावर बारीक लाल चेरी.

"हे पिठाच्या पोत्याचं कापड," काका म्हणाले. "छापील पोती यायची तवाचं. म्हंजी ही साठ-पासष्ट वर्षांमागं भरली. शिकारीला न्हाई, तवा शिकारीला ठासणीची कोण..."

"माझं झबलं," डेल्फिया म्हणाली.

तिच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या.

"माझं पयलं झबलं ह्याच कापडाचं. आईनं जपून ठेवलं व्हतं, आता पेटीत हाय माझ्या. मी पोटात असतानाच शिवलं व्हतं तिनं."

आमच्याकडं मूल जन्मलं की बाप दारात उभा राहून एक बार उडवतो. खोऱ्यानं ऐकावं म्हणून. एस्टिलच्या वेळी बार उडाला होता. डेल्फियाच्या वेळी नाही. पोरगी झाली म्हणून बानं दारू वाया घालवली नाही, असं एस्टिल तिला लहानपणापासून ऐकवत आला होता. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं होतं, हसलोही होतो.

"आईला लई रक्त गेलं व्हतं म्हणं," डेल्फिया हळू बोलत होती, आपल्याशीच. "तीन दिवस डोळं उघडलं न्हाईत. आजी दाराशी बसून व्हती, कुणाला खोकू देत नव्हती. तवा उडवला नसंल. काका, तसंच असंल ना?"

काकांनी चिंधी तिच्या हातात दिली. मला वाटलं, हो म्हणतील. कुणीही म्हणालं असतं.

"का उडवला न्हाई ते मला सांगता यायचं न्हाई," ते म्हणाले. "भरला व्हता, एवढं सांगतो. तुझ्या झबल्याचं कापड घालून भरला व्हता. आन साठ वर्सं त्यानं तो काढला न्हाई, दुसऱ्या कशावर उडवला न्हाई. हे मी बघितलं."

तिनं चिंधी मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केली.

"आता मोल ऐक," काका म्हणाले. "साडेतीनशे डॉलर. घासली नसतीस तर बाराशे."

"बाराशे?"

"बाराशे."

"अगं आई गं," डेल्फिया म्हणाली, आणि मग आम्ही चौघंही हसलो. काकूंना तर ठसका लागला.

काकांनी भिजलेली दारू नळीतून काढून अंगणातल्या सपाट दगडावर पसरली. धुकं वर उचललं, ऊन पडलं. आम्ही घेवडा आणि मक्याचा पाव खाल्ला. डेल्फियानं दोनदा वाढून घेतलं. दुपारपर्यंत दगडावरची दारू वाळून राखाडी झाली होती. काकांनी काडी पेटवून तिच्या हातात दिली.

आवाज झाला नाही. नुसतं फुर्र झालं आणि पांढऱ्या धुराचा एक गोळा उठला. वारा नव्हता. तो धूर सफरचंदाच्या झाडाएवढा उंच गेला, तिथं थांबला, पसरला, आणि ओढ्याच्या अंगानं खोऱ्यात खाली खाली सरकत गेला, एकेका घरावरून, सावकाश. गंधकाचा वास मागं राहिला.

"एस्टिलला सांगशील?" मी विचारलं.

"कशाला?" डेल्फिया म्हणाली. "बार माझा व्हता."

तिनं बंदूक गोधडीत गुंडाळली, चिंधी रुमालात बांधली.

"परत घासू नगंस," काका म्हणाले. "काळी पडू दे."

"किती दिस लागतील?"

"लागतील की शंभर वर्सं."

ती साकवावरून पलीकडं गेली. काका दगडावर उरलेली काजळी बोटानं चाचपत होते.

"अवो," काकू आतून ओरडल्या, "त्या डुकराला सकाळपास्नं काय घातलं न्हाई, आरडून ऱ्हायलंय. का त्याचंबी वय बघणार हायसा?"

काकांनी बोट विजारीला पुसलं, उष्ट्याची बादली उचलली आणि गोठ्यामागं गेले.