मुदत संपलेली नळी

सेवेतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला चाकू कुठल्या ठाण्यात जप्त केला, हे कोणी विचारलं तर मला जरा थांबून आठवावं लागतं. मोटर ग्लायडरचं प्रकरण मात्र पहिल्या फोनपासून शेवटच्या जबाबापर्यंत जसंच्या तसं लक्षात आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कोणी फरारही नव्हतं. तरी ते डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एका खासगी क्लबची छोटी धावपट्टी होती. तो क्लब आता नाही, त्यामुळे नावाची गरजही नाही. क्लबकडे एकच मोटर ग्लायडर होतं. लांब पंखांचं हलकं विमान, त्याला एक लहान इंजिन. इंजिनाच्या जोरावर वर जायचं आणि वर गेल्यावर ते बंद करून नुसत्या हवेवर तरंगत राहायचं. आसपासच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायका मान वर करून ते बघायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

दसऱ्यानंतर दोनेक दिवसांनी सकाळी ठाणे अंमलदाराकडे फोन आला की विमान पडलं. आम्ही पोचलो तेव्हा ते वेचणीला आलेल्या कापसाच्या शेतात पोटावर पडलेलं होतं. आत क्लबच्या प्रशिक्षक बाई एकट्याच होत्या. वर चढताना इंजिन बंद पडलं, धावपट्टीवर परत वळण्याइतकी उंची नव्हती, म्हणून त्यांनी समोरच्या शेतात विमान टेकवलं. त्यांनी घाबरून काही वेडंवाकडं केलं असतं तर मला पंचनाम्याऐवजी मरणोत्तर पंचनामा लिहावा लागला असता. पण त्यांच्या पाठीचा मणका दुखावला होता. शिरपूरच्या रुग्णालयात नेलं, तिथून पुढे नाशिकला. पुढचे बरेच दिवस त्यांचा जबाब घेता येण्यासारखा नव्हता.

पंचनामा केला, अवशेष हँगरमध्ये हलवले, दाराला सील ठोकलं आणि एक शिपाई पहाऱ्याला बसवला. विमानाच्या अपघाताची तांत्रिक चौकशी वेगळे लोक करतात. ते आले, त्यांनी इंजिनावरचं झाकण काढलं, पेट्रोलची नळी जागच्या जागी मधोमध चिरून पाहिली आणि तासाभरात कारण सांगितलं. इंजिनाला पेट्रोल पुरवणारी रबरी नळी आतून तडकली होती. अशा नळ्यांना ठरावीक मुदत असते. वरून कितीही धडधाकट दिसली तरी मुदत संपली की नळी बदलावीच लागते, तिथे कोणाच्या मताला किंमत नाही. या नळीची मुदत संपलेली होती. आणि क्लबच्या मेकॅनिकने सही करून लिहून दिलं होतं की सक्तीची तपासणी झाली, नवी नळी बसवली, विमान उडवण्यास योग्य आहे.

नवी नळी बंद पाकिटात आलेली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. ती आता विमानावर नव्हती आणि हँगरच्या फळ्यांवरही नव्हती.

मेकॅनिक जळगावचा, पिंप्राळ्यात राहणारा. आठवडाभर धावपट्टीवर आणि सुटीला घरी, असा त्याचा क्रम. चाळिशीचा, कमी बोलणारा, कपडे नीटनेटके. मी पहिल्याच बैठकीत विचारलं, नळी कोणी बसवली? तो म्हणाला, मी. कधी? दसरा करून परत आल्यावर, सकाळी. कशी बसवली ते त्याने इतकं बारकाईने सांगितलं की माझा संशय तिथेच सुरू झाला. रोज तेच काम करणारा माणूस त्या कामाबद्दल दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाही.

त्याच संध्याकाळी खबर आली. फाट्यावरच्या चहावाल्याने खबरी काढणाऱ्या आमच्या गोपनीय शाखेच्या हवालदाराला सांगितलं की खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मेकॅनिक एक जड पेटी घेऊन घाईघाईने जळगावच्या गाडीत बसला, आणि पेटी कोणाला हातही लावू देत नव्हता. नशिराबादला त्याच्या साडूचं गॅरेज आहे, हेही त्याने पुरवलं. चहावाल्यांना ही दुसरी माहिती कशी मिळते, ते मला नोकरी संपेपर्यंत कळलं नाही. पण गोष्ट अगदी सरळ जुळत होती. महागडा परदेशी माल साडूच्या गॅरेजमार्गे विकला आणि विमानावर जुनीच नळी ठेवली. एका बाईचा मणका मोडला तो चार पैशांसाठी.

आम्ही आधी नशिराबादचं गॅरेज पाहिलं. तिथे ट्रॅक्टरच्या नळ्या होत्या, विमानाची एकही नव्हती. मग पिंप्राळ्यात घरझडती घेतली. पोलिसांची गाडी कॉलनीत थांबली की पाच मिनिटांत दूध, किराणा आणि पिठाची गिरणी एकदम सगळ्यांना आठवते. गेटसमोर तशीच गर्दी झाली. मेकॅनिकच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. ती दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती, आणि तिची आई गर्दीकडे. पेटी सापडली. आत पाने, स्क्रू ड्रायव्हर, मोजमापाची साधनं, सगळ्यांवर हळदकुंकू आणि सुकलेली झेंडूची फुलं. स्वतःची हत्यारं त्याने पूजेसाठी घरी नेली होती, इतकंच. मी पंचांच्या सह्या घेतल्या, पेटी जप्त केली आणि मेकॅनिकला अपहाराच्या गुन्ह्यात ताब्यात घेतलं. गाडीत बसताना मेकॅनिक पहिल्यांदा स्वतःहून बोलला.

"साहेब, परवाना गेला तर जाऊ द्या. पण चोर म्हणून लिहू नका. पोरगी द्यायची आहे."

मी म्हणालो, "मग माल कुठे आहे ते सांग." त्याला ते खरंच माहीत नव्हतं, पण मला तेव्हा तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात आलो तेव्हा शस्त्रागाराचा हवालदार रायफली पुसत होता. दसऱ्याला आमच्याकडेही शस्त्रपूजा होते, आणि नंतर ते हळदकुंकू काढायला त्याला चार दिवस लागतात. कापसाच्या बोळ्याने तो एका स्क्रूची खाच उकरत होता आणि कुरकुरत होता की साहेब लोक पूजा जोरात करतात, खाचेत जाऊन बसलेलं कुंकू मात्र मला टाचणीने काढावं लागतं. मी हो हो म्हणून पुढे गेलो, खुर्चीत बसलो, आणि तसाच उठून गाडी काढायला सांगितली.

हँगरचं सील पंचांसमोर उघडलं. इंजिनावर हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती, हे मी पंचनाम्यात लिहिलंच होतं. आता भिंग घेऊन जवळून पाहिलं. ओल्या कुंकवाची बोटं इंजिनाच्या धातूवरून सुरू होऊन, नळी जिथे क्लँपने आवळलेली होती त्या क्लँपवरून, सलग नळीवर गेली होती. मध्ये कुठे तुटलेली नव्हती. आणि क्लँपच्या स्क्रूची खाच वाळलेल्या कुंकवाने काठोकाठ भरलेली होती. त्या खाचेत पूजेनंतर कोणीही स्क्रू ड्रायव्हर घातलेला नव्हता.

म्हणजे मेकॅनिक दसऱ्यानंतर सकाळी नळी बसवली म्हणतो, ते खोटं. पण तो चोरही नव्हता. कारण नवमीच्या आदल्या दिवशी त्याने जुनी नळी काढून ट्रेमध्ये ठेवली, हे क्लबच्या दोघा सदस्यांनी पाहिलं होतं, आणि त्यानंतर तो गाडी पकडून जळगावला गेला तो थेट दसऱ्यानंतर उगवला. पूजेच्या वेळी ती जुनी नळी पुन्हा इंजिनावर होती. ती तिथे चालत गेली नव्हती.

मी मेकॅनिकला पुन्हा समोर बसवलं. आरडाओरडा केला नाही, तो मला कधी जमलाही नाही. फक्त खाचेतलं कुंकू सांगितलं. तेव्हा तो खरं बोलला. तो परत आला तेव्हा नळी बसवलेली होती. प्रशिक्षक बाईंना असली कामं यायची, कधीकधी त्या करायच्याही. त्याला वाटलं, सुटीनंतर उड्डाणाची घाई म्हणून त्यांनीच बसवली. नळीवरचा मुदतीचा शिक्का कुंकवाने झाकलेला होता. पूजा केलेलं पुसायला हात धजला नाही. त्याने इंजिन चालवून पाहिलं, गळती नव्हती, सही केली. बाईंना वाटलं असणार, त्याने बसवली. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

"मग पहिल्याच दिवशी हे का नाही सांगितलंस?"

"साहेब, न बसवलेल्या नळीवर मी सही केली होती. आणि बाई तिकडे पडलेल्या. त्यांनीच बसवली असेल, असं कोणत्या तोंडाने सांगू?"

लहान चूक झाकायला माणूस खोटं बोलतो आणि त्या खोट्यामुळे मोठ्या गुन्ह्यात अडकतो, हे मी असंख्य वेळा पाहिलं आहे. पण त्यात थोडी लाजही असू शकते, हे या माणसात दिसलं. आता प्रश्न राहिला एकच. विमानाची पूजा कोणी केली होती?

ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त आम्ही विचारलं नव्हतं. धावपट्टीला लागून शेत असलेले एक म्हातारे शेतकरी क्लबची राखण करायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. अपघाताच्या दिवशी सर्वांत आधी कापसातून धावत जाऊन बाईंचा पट्टा सोडवला तो त्यांनीच. त्यांचा जबाब आम्ही तेवढ्यापुरता घेतला होता. आता हँगरच्या दारात बसून मी विचारलं, आबा, पूजेच्या वेळी नळी कोणी लावली? त्यांनी अभिमानाने छातीवर हात ठेवला.

"मीच लावी दिनी साहेब. पोऱ्या धुवाले काढीसन घाईमा घर गया, लावाना राही गया. अधुरा यंत्रनी पूजा करतस का कोठे?"

खान्देशात खंडेनवमीच्या आधी घरातलं प्रत्येक अवजार, पंप, इंजिन खोलून धुतात, पुसतात आणि पुन्हा जोडून मगच पुजतात. उघडी पडलेली, अपुरी वस्तू पूजेला ठेवत नाहीत. आबांनी आयुष्यभर विहिरीवरच्या इंजिनाच्या नळ्या लावल्या होत्या. ट्रेमध्ये नळी पाहून त्यांना वाटलं, सणासाठी काढली आहे. ती त्यांनी स्वच्छ पुसली, इंजिनाला लावून घट्ट आवळली आणि मनोभावे पूजा केली. आणि पाकिटातली नवी नळी? नवी वस्तू म्हणून तीही पूजेत ठेवली, आणि नंतर पूजेची तांब्याची भांडी ज्या पत्र्याच्या पेटीत असत, तिच्यात जपून ठेवली. पेटी त्यांनी स्वतः उघडून दाखवली. पाकीटही फोडलेलं नव्हतं. मी ते पंचांसमोर ताब्यात घेतलं. आबांना वाटलं, साहेबांना बघायचं आहे.

नियम असा आहे की मुदत संपलेला भाग काढला की तो तिथल्या तिथे कापून निकामी करायचा. मला तो नियम कागदी वाटायचा. मेकॅनिकने गाडी पकडायच्या घाईत तेवढं एक काम सुटीनंतरवर ठेवलं होतं. कात्रीने दोन तुकडे केले असते, तर आबांना जोडायला काही उरलंच नसतं.

अपहाराचं कलम मी काढून टाकलं. हयगयीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा राहिला. मेकॅनिकने नवा जबाब शांतपणे वाचला. त्याने सही केली की परवाना गेला, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. सही करून तो म्हणाला, आबांना यातलं काही सांगू नका. मला ते आवडलं, पण शक्य नव्हतं. खटला चालला तर आबा साक्षीदार. भर कोर्टात एखाद्या वकिलाच्या तोंडून ते कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं मी ठरवलं.

मी त्यांच्या शेतात गेलो आणि बांधावर बसून सगळं सरळ सांगितलं. मृत्यूच्या बातम्या घेऊन मी अनेक दारांत उभा राहिलो आहे. हे त्याहून सोपं नव्हतं. आबा ऐकत राहिले. रडले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. आधी त्यांनी विचारलं, बाई चालतील ना? मी म्हणालो, डॉक्टर हो म्हणतात. मग त्यांनी माझा हात धरला.

"मंग आते त्या पोऱ्याले सोडशात ना साहेब? तो चोर नही शे."

मी हो म्हणालो. तेवढंच माझ्या हातात होतं आणि तेवढं मी केलं होतं. मेकॅनिक जामिनावर सुटला. परवाना त्याला परत मिळाला नाही. आता तो नशिराबादच्या गॅरेजमध्ये बसतो आणि काढलेली प्रत्येक नळी गिऱ्हाइकासमोर कापतो, असं ऐकलं. मुलीचं लग्न ठरलेल्या घरीच झालं.

त्या वेळेपर्यंत माझ्या तपासाचा पहिला प्रश्न एकच असायचा, यात फायदा कोणाचा? पोलिसांना तोच शिकवतात, आणि दहांपैकी नऊ वेळा तो बरोबर दार दाखवतो. या प्रकरणात फायदा कोणाचाच नव्हता, म्हणून मी एका चोराची गरज मनातल्या मनात भागवून घेतली आणि त्याच्या मुलीच्या दारात गाडी उभी केली. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी आणखी एक प्रश्न विचारत आलो, इथे कोणी कोणाचं भलं करायला गेलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर नाही असंच यायचं. पण ते विचारल्याशिवाय आरोपीच्या रकान्यात मी पुन्हा कोणाचं नाव लिहिलं नाही.