सासूबाईंचा बांधलेला पाय

लढाईची वर्षं होती. मला लग्न होऊन भाईंदरजवळच्या मुर्ध्याला येऊन सहा महिनेही झाले नव्हते. आमचं घर मिठागरावर पोसलेलं. खाडीत मीठ न्यायचा पडाव, म्हणजे मोठी होडी, लागला की घरातल्या बायकाही डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन फळीवरून ये-जा करायच्या. त्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या पायाखालची फळी सरकली आणि त्यांचा उजवा पाय पडाव आणि बांध यांच्यामध्ये चेचला. नडगीचं हाड मोडलं होतं. रक्त मात्र थेंबभरही आलं नाही.

सासऱ्यांनी गावातल्या हाडवैद्याला बोलावलं. माणूस चांगला होता, हातही सराईत होता. त्याने हाड बसवलं, पाल्याचा लेप लावला, बांबूच्या कामट्या लावून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय करकचून बांधला. "आठ दिस सोडू नका," म्हणाला. पावलावर बोटं ठेवून नाडी पाहिली. "नाडी लागतं. भ्यायचं कारण न्हाय."

सासूबाई म्हणजे सात बाळंतपणं तोंडातून आवाज न काढता सोसलेली बाई. दुपार कलली तशा त्या विव्हळू लागल्या, नंतर ओरडू लागल्या. मी हात धरून बसले होते.

"पाय फुटतंय गो माजा. आतून फुटतंय."

मी वैद्याकडे धावत गेले. तो म्हणाला, हाड मोडलं म्हणजे दुखणारच. परत आले तर त्या म्हणत होत्या, बोटांत मुंग्या येतात. थोड्या वेळाने म्हणाल्या, अंगठा कुठे आहे तेच कळत नाही. पट्टीच्या खाली दिसणारं पाऊल ताणलेलं, चकाकत होतं. मी अंगठा जरासा वाकवून पाहिला आणि त्या अशा किंचाळल्या की मी मागे सरकले.

"बाबा, पट्टी सोडूया का?" मी सासऱ्यांना विचारलं.

"हाड हललं तर जन्माची लंगडी होईल. तू सोडणार?"

मी पट्टीला हात लावला नाही. ती आठवण अजून छातीत टोचते.

शेजारी एक बाळंतीण होती. तिला पाहायला उत्तनची एक ख्रिस्ती नर्सबाई यायची. किंचाळी ऐकून ती आमच्या ओटीवर आली. काही विचारायच्या आधी तिने गुडघ्यामागे, पट्टीच्या वर बोट दाबलं, मग अंगठा अगदी हळू हलवला. तिचा चेहरा बदलला.

"कातर आण, बाय. आत्ता."

"अहो, नाडी लागते," सासरे म्हणाले.

"नाडी शेवटपर्यंत लागते. तिच्यावर जाऊ नका."

मी कातर आणून दिली. तिने पट्टी कापली आणि पाय सपाट ठेवायला सांगितला. मी उशी द्यायला गेले तर म्हणाली, "उंच नको. वर रक्त चढायला आणखी जड जाईल." पोटरीला हात लावला तर लाकडासारखी टणक. पट्टी सुटली तरी सासूबाईंचं दुखणं उतरलं नाही. तेव्हा ती हळूच म्हणाली, "दाब आतलाच हाय. मुंबईला न्या. उद्या न्हाय, आता."

बैलगाडीतून भाईंदर स्टेशन, तिथून गाडी. वाटेत सासूबाई ओरडायच्या थांबल्या. आराम पडला असं सासऱ्यांना वाटलं. मला मात्र त्या गप्प झाल्याचीच भीती वाटली. मी सारखी त्यांच्या तोंडाजवळ हात नेऊन श्वास बघत होते.

इस्पितळात डॉक्टरांनी पायाकडे एकदा पाहिलं आणि सासूबाईंना लगेच आत नेलं. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला नीट समजावलं. पायातलं मांस कप्प्याकप्प्यांत असतं. कप्प्याचं आवरण चिवट, ते ताणलं जात नाही. मार बसला की आत सूज येते, वरून पट्टीही आवळलेली, मग सुजेला जायला जागा उरत नाही. मांसाला रक्त पुरत नाही आणि काही तासांत ते मरू लागतं. त्यांनी पोटरीच्या दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन ते आवरण उघडलं होतं. "मांस बहुतेक जिवंत आहे," ते म्हणाले. "सकाळपर्यंत थांबला असता तर पाय कापावा लागला असता."



जखमा कित्येक दिवस उघड्याच ठेवल्या होत्या, नंतर शिवल्या. हाड जुळायला पावसाळा उजाडला. सासूबाई चालू लागल्या, पण अंगठा पुरता वर उचलला जात नव्हता, उंबऱ्याला अडखळायच्या.

एक दिवस हाडवैद्य घरी आला. ओटीवर बसला. मग म्हणाला, "वैनी, मला दाखवा. कशानं कळायला हवं होतं?"

सासूबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, व्रण दाखवले आणि त्याला सगळं सांगितलं. मोडल्याचं दुखणं बांधल्यावर कमी होतं, हे वाढतच गेलं. मग मुंग्या, मग बधिरपण. बोट हलवलं की जीव जायचा. तो लहान मुलासारखा ऐकत होता.

"आणि ही पोर विचारायला आलती तुज्याकडं," त्या म्हणाल्या, "तवा उठून यायचं व्हतं."

"चुकलं माजं, वैनी," तो म्हणाला. मी आतून चहा आणला.