कढीपत्त्याला घातलेलं पाणी

आक्कांचा कढीपत्ता माझ्या हातून मेला. आज हे वाक्य लिहून मोकळी होतेय, पण तेव्हा कितीतरी दिवस ते माझ्या तोंडून निघत नव्हतं.

आक्का आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. माहेर कुरुंदवाडचं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक मुलगी नाशिकला. मी हायस्कूलवर गणित शिकवते. कोल्हापुरात बदली होऊन आम्ही या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा पहिल्या दिवशी चहा आणि दुसऱ्या दिवशी मूठभर कढीपत्ता आक्कांच्याच घरून आला होता.

त्यांच्या बाल्कनीत दोनच झाडं होती. एका पसरट टबात पुदिना आणि निळ्या अर्ध्या ड्रममध्ये कढीपत्ता. कढीपत्ता माझ्या खांद्याला लागेल एवढा उंच, पानं मात्र बारीक, देठ तांबूस.

दिवाळी झाली आणि मुलीच्या बाळंतपणासाठी आक्का तीन महिने नाशिकला निघाल्या. किल्ली माझ्याकडे देताना मला बाल्कनीत घेऊन गेल्या.

"हे बघ, पुदिन्याला रोज पाणी लागतंय. माती वाळली की मान टाकतोय, पण घातलं की तासाभरात उठून बसतोय. त्याचं काय मनावर घेऊ नको. कडक उन्हात ठेवायचा न्हाई आणि खुडत ऱ्हायचं. जेवढा खुडशील तेवढा फुटतोय. आणि कढीपत्त्याचं कसं हाय..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. एका पालकांना चाचणीचे गुण पटले नव्हते. मी फोन कानाला लावला आणि आक्कांकडे बघून मान हलवत राहिले. आक्का ड्रमच्या मातीत बोट खुपसून मला काहीतरी दाखवत होत्या. त्यांचं बोट मला दिसलं. त्या काय म्हणाल्या, ते ऐकलं नाही. फोन ठेवल्यावर "परत एकदा सांगता का?" एवढं विचारायला हवं होतं. मी म्हणाले, "तुम्ही बिनधास्त जा, आक्का."

आणि खरंच, पहिले पंधरा दिवस मी मोठ्या हौसेनं केलं. शाळेला जायच्या आधी दोन्हीकडे एकेक तांब्या पाणी. थंडीत पुदिना असा काही माजला की टबाच्या कडेवरून खाली लोंबायला लागला. आमच्याकडे रोज चटणी व्हायला लागली, शाळेत डबा उघडला की बाई लोक हात पुढे करायच्या. मी आक्कांना फोटो पाठवायची. "तुमचा पुदिना बघा." त्यांचं उत्तर यायचं, "झकास. कढीपत्ता?" मग मी कढीपत्त्याचाही फोटो पाठवायची.

डिसेंबरात कढीपत्त्याची पानं पिवळी पडायला लागली. झाडाखाली रोज सकाळी सडा. मला वाटलं, एवढ्या मोठ्या झाडाला एक तांब्या कसा पुरेल? मी दोन घालायला लागले. तरी गळ थांबेना, म्हणून संध्याकाळीही घातलं. वर खताची पुडी आणून टाकली. माझा नवरा एकदा म्हणाला, "अगं, माती ओलीच हाय की. आक्कांना विचार एकदा." मी म्हणाले, "त्यांच्या मुलीचे दिवस भरत आलेत, त्यात झाडाचं काय विचारायचं?"

खरं कारण ते नव्हतं. मला बोलणी खायची नव्हती. रोज पुदिन्याचं कौतुक ऐकायची सवय झाली होती.

त्या आठवड्यात आक्कांनी पुन्हा विचारलं, "कढीपत्ता कसा हाय?" मी मोबाईलमध्ये मागे मागे जाऊन नोव्हेंबरातला हिरवागार फोटो शोधला आणि तो पाठवला. तसे मी आणखी चार-पाच पाठवले असतील.

संक्रांतीच्या सुमारास खोड बुडाशी काळं पडलं. धरून हलवलं तर झाड सैल लागलं, आणि जरा ओढलं तर सगळंच हातात आलं. मुळं चिकट झाली होती, डबक्यासारखा वास येत होता. मी तिथेच बाल्कनीत खाली बसले. रोज दोनदा येऊन मी त्याला बुडवत होते.

नवरा म्हणाला, "सांग की सरळ. झाडच हाय, खातील काय तुला?"

मी सांगितलं नाही. रविवारी जयसिंगपूरच्या रस्त्यावर एक नर्सरी आहे, तिथे गेले. उंची हातानं दाखवून तेवढंच झाड मागितलं. नर्सरीवाल्यानं विचारलं, "ताई, एवढं मोठं कशाला? ल्हान न्या, लवकर लागतंय." मी म्हणाले, मोठंच हवं. ते आणून त्याच निळ्या ड्रममध्ये लावलं, वर जुनी माती पसरली आणि कडेला पडलेली वाळकी पानंही परत मातीवर ठेवली. हे करताना मला स्वतःची लाज वाटत होती, तरी हात थांबले नाहीत.

फेब्रुवारीत आक्का आल्या. नातू झाल्याचे पेढे, डिंकाचे लाडू, बाळाचे फोटो. मग बाल्कनीत गेल्या. मी मागे उभी. त्यांनी कढीपत्त्याचं एक पान तोडलं, चिमटीत चुरगळलं, नाकाशी नेलं. पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाल्या, "पुदिना लई जोरात आलाय गं." लाडवाचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. ते लाडू मी घरात कुणाला नको म्हटलं नाही, पण मला एकही गेला नाही.

पुढच्या आठवड्यात जिन्यात भेटल्या. हातात भाजीची पिशवी, आणि पिशवीतून कढीपत्त्याची जुडी वर आलेली. घरात खांद्याएवढं झाड असताना ही बाई कढीपत्ता विकत आणत होती.

त्या दिवशी शाळेतून आले ती थेट त्यांच्या दारात गेले. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोन, पाणी, जुने फोटो, नर्सरी. आक्का भाजी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"पहिल्याच दिवशी कळलं की. वासच न्हाई त्याला. पान पण रुंद हाय."

"मग बोलला का नाही, आक्का?"

"म्हटलं, बघू किती दिवस काढतीस."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मी कधी विचारलं नव्हतं. कुरुंदवाडला त्यांच्या भावाच्या परसात मोठा कढीपत्ता होता, आईनं लावलेला. त्याच्या मुळातून फुटलेलं एक पिल्लू आक्कांनी डब्यात घालून कोल्हापूरला आणलं होतं. नंतर एका पुरात भावाचं घर बसलं आणि परसही गेलं. आईच्या झाडाचं एवढंच राहिलं होतं.

मला रडू आलं. आक्का म्हणाल्या, "रडू नको. थंडीत कढीपत्ता झोपतोय. पानं गाळतोय, ते मराय न्हवं. त्याला त्या वक्ताला पाणी जवळजवळ तोडायचं असतंय. बोट घालून बघायचं, दोन पेरं माती कोरडी लागली तरच घालायचं. एक फोन केला असतास तर तिथनं सांगितलं असतं."

आक्कांनी निवडलेली भाजी बाजूला सारली.

"मी वॉर्डात होतो तवा पेशंट गेला की बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगायचं काम माझ्याकडं असायचं. कुणाला आवडतंय सांगायला? पाय जड व्हायचे. पर सांगायचंच असतंय. झाड मेलं त्याचं मला वाईट वाटलं. पर तू मेलेल्याचा फोटो पाठवत होतीस गं, हिरवा हिरवा. त्याचं जास्त वाटलं."

 

नर्सरीचं झाड त्यांनी ड्रमसकट माझ्या बाल्कनीत आणायला लावलं. "हे तू आणलंस, तूच सांभाळ." आता मी रोज सकाळी मातीत बोट घालते. गेल्या थंडीत त्याचीही पानं गळाली, मी महिनाभर तांब्या बाजूला ठेवला, आणि उन्हाळा लागताच त्याला कोंब आले. वास मात्र बेताचाच आहे.

आमचं येणंजाणं तुटलं नाही. आक्का अजून पुदिना देतात, मी वाटलेल्या चटणीतली वाटीभर त्यांना नेऊन देते. नातवाच्या जावळासाठी त्या यंदा पुन्हा नाशिकला गेल्या. निघताना दारात आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला, "येतो गं," म्हणाल्या.

घराची किल्ली त्यांनी खालच्या मजल्यावर दिली होती.