संदेशचा शर्ट मी कुणालाच दिला नाही

थळची शांता मावशी. दोन वर्षांपूर्वी, माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर मी तिचा गुन्हेगार झालो. तिचा मुलगा संदेश, माझा मित्र, काविळीने गेला होता. त्याचा जलदान विधी, आम्हा बौद्धांचं दिवसकार्य, होता त्या दिवशी. पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मी पत्रकं काढणारा माणूस. 'आसक्ती सोडा!' हे माझंच, घरोघर वाटलेलं. एका बाजूला बुद्धांनी सांगितलेली तृष्णा, दुसऱ्या बाजूला श्रीमंत तरुणाला सगळं वाटून टाक म्हणणारा येशू. खाली माझं नाव — जाड टाइपात!

त्या दुपारी संदेशचे कपडे वाटायला काढले. मावशीने एक निळा शर्ट धरून ठेवला, न धुतलेला. सारखी हुंगायची. मला काय झालं? चार माणसं बघत होती, म्हणून? मी तो तिच्या हातातून ओढला. "मावशी, हीच ती तृष्णा."

शेजारची मार्था काकी, कोर्लईची ख्रिस्ती, भडकली. "मित्र मेला तवा येशूपन रडलेला. तू कोन रं मोठा लागून गेलास?"

"म्हणून तर बुद्ध एक पाऊल पुढे!" मी म्हणालो. दोघंतिघं हसले.

डोंबलाचं पाऊल! मेलेलं लेकरू घेऊन आलेल्या आईला बुद्धांनी मोहरी आणायला पाठवलं — जिथे कुणी मेलं नाही अशा घरची. दारोदार फिरू दिलं तिला. लेकरू हिसकावून नाही घेतलं. ही गोष्ट मी स्वतः भाषणात सांगायचो!

आणि शर्ट? रेवसच्या धक्क्यावर एका गरजूला दिला, असं मावशीला सांगितलं. साफ खोटं. तो माझ्या कपाटात होता. मीही हुंगायचो — दार लावून.

तेव्हापासून ती रेवसला जाते. लाँच लागली की उतरणाऱ्यांचे शर्ट बघत उभी राहते. मला ठाऊक होतं. तरी दोन वर्षं —

परवा नेऊन दिला. तिने नाकाला लावला. डांबरगोळ्यांचा वास. "ह्यो त्याचा न्हाय रं," म्हणाली, आणि नीट घडी घालून परत दिला. तेव्हा तरी खरं बोलायचं ना? नाही बोललो. चहा पिऊन आलो.

ते पत्रक घरात असेल तर फाडा. आणि रेवसला एक बाई तुमच्या शर्टाकडे बघत राहिली, तर खेकसू नका, रिक्षा पकडायला पळू नका. तिचं बघून होईपर्यंत थांबा.