काय दाबलंस तू?

अर्धं धुणं झाल्यावर बाथरूममधलं वॉशिंग मशीन थांबलं आणि टूं टूं करत बसलं. नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "काय दाबलंस तू?" सासूबाईंनी देवघरातून विचारलं, "काय दाबलंस गं?" दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तर तोही म्हणाला, "मॅडम, तुम्ही काय दाबलं होतं?"

काचेआड नवऱ्याचे सहा शर्ट फेसात लोळत पडले होते. मी त्यांच्याकडे बघत बसले. वस्तू चालत असतात तोवर घराच्या असतात. बंद पडल्या की माझ्या होतात. मिक्सर माझा, गीझर माझा, उतू गेलेलं दूधही माझंच.

शेवटी मशीनच्या मागे हात घातला. तिथला नळ बंद होता, करकचून आवळलेला. दाढी झाली की बाथरूममधले सगळे नळ असे आवळायची खोड या घरात एकालाच आहे.

मी नळ सोडला. मशीन गुरगुरत पाणी घेऊ लागलं. बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "बघ! आता बरोबर दाबलंस."

मी नळ होता तसा पुन्हा आवळला, हात पुसले आणि बाहेर येऊन म्हटलं, "परत थांबलंय. आता तू दाब."